पाझरणारा डोळा

प्रिय सुमे,

कितीतरी वर्षांनी तुला पत्र लिहितेय. एकाच डोळ्याच्या भरवशावर लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मोतीबिंदू काढून नवी लेन्स बसवली तेव्हा तू इथे वर्तकनगरला माझ्या उशाशी होतीस. तू कळव्याला परत गेलीस आणि डोळा पाझरायला लागला. उशी ओली, समोरचं सगळं धुरकट. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे, लगेच मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, डॉक्टरांनी दाखवली एक लेन्स आणि बसवली दुसरी. मग संशय सुनेवर गेला. नीरजाला सकाळी ऑफिसची घाई, औषधाच्या बाटलीचं टोक तिनेच डोळ्याला लावलं असणार. मी तिच्या हातून थेंब घालून घेणंच बंद केलं, शेजारच्या हेमांगीला हाक मारू लागले. नीरजा चकार शब्द बोलली नाही. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

शेवटी डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध घातलं, निळा दिवा धरला आणि म्हणाले, ऑपरेशनच्या छेदातून पाणी झिरपतंय. असंच राहिलं तर जंतू आत शिरतील, नजरही जाईल. छेदावर पट्टीसारखी एक मऊ लेन्स चढवली, नाही थांबलं तर टाका घालू म्हणाले. मग विचारलं, डोळा कुणी दाबला होता का? मी नीरजाकडे रोखून बघितलं, तिने मान खाली घातली. आणि मला तू आठवलीस. डोळा चुरचुरतोय म्हटलं की डोळा झाकायला लावलेली प्लॅस्टिकची वाटी काढायचीस, पदराचा बोळा करून त्यात गरम फुंकर घालायचीस आणि डोळ्यावर दाबून धरायचीस. लहानपणी कुसळ गेलं की आपण करायचो तसंच. काय बरं वाटायचं गं.

मी डॉक्टरांना खरं ते सांगितलं, नीरजासमोरच. घरी आल्यावर तिचा हात धरून चुकले म्हटलं. ती हसली नाही, पण संध्याकाळी थेंबांची बाटली घेऊन माझ्याजवळ बसली.

पाझर थांबलाय, टाकाही लागला नाही. नीरजाने हे सगळं तुला फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. माझा आणखी एक संशय आहे. तू स्वतःला दोष देत बसली आहेस आणि आता माझ्याकडे यायची नाहीस. आतापर्यंतचे माझे सगळे संशय खोटे निघाले, हाही खोटा ठरव. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. तू आल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही.

तुझीच हट्टी,
मंदा