तुझं मराठी दुखणं

प्रिय आक्का,

दुसरीतच शाळा सुटलेली मी कागद घेऊन बसले म्हटल्यावर तू तिकडे हसत असशील. हस! पण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना. सून म्हणते, "आत्या, एवढं काय ते, फोन करा ना कुणाला तरी." कुणाला करू? जिला सांगायचं ती माझी थोरली जाऊ तर केव्हाच निघून गेली. तुला सगळीकडे पुढे जायची घाईच!

तर ऐक. काल मी डॉक्टरकडे गेले होते आणि डॉक्टरने माझं ऐकलं. एवढंच! आता यात काय मोठं, असं म्हणू नकोस. तू तरी म्हणणार नाहीस.

तुला पनवेलच्या बाजारातले आपले म्हातारे डॉक्टर आठवतात का गं? आपण आधी सुका जवळा घ्यायचो आणि पिशवी तशीच घेऊन दवाखान्यात बसायचो. कुणी नाकाला पदर लावला की तू मुद्दाम पिशवी उघडून बघायचीस. आत गेल्यावर तुझं पुराण सुरू, "आमची तांबडी कोंबडी खुडूक बसलीय, तवापासून कंबर दुखतंय." मला हसू आवरायचं नाही. पण ते विचारायचे, "मग तिची टोपली वाकून तूच सरकवतेस का?" बघ, कोंबडीतून बरोबर कंबर सापडली!

आणि तू त्यांना सरळ अरे-तुरे करायचीस! आपल्यात बापालाही 'तू' म्हणतात, डॉक्टर कुठून सुटणार? "काय रे डॉक्टर, जेवलास का?" ते म्हणायचे, "नाही, तुझ्या जवळ्याची वाट बघतोय."

मग ते थकले, दवाखाना बंद झाला. आपल्या मिठागरांच्या बाजूला भराव पडले, खारघरकडे उंच बिल्डिंगी आल्या, काचेचे दवाखाने आले. तिथे मी आणि माझा रमेश तुला घेऊन गेलो, तो दिवस मी अजून विसरले नाही.

तू लुगडं सोडून गोल साडी नेसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "साडीत बगितलं का मानसासारकं बोलतान." साडी माझी, तुला आखूड. पायाचे घोटे उघडे! रिक्षात बसून दोघी किती हसलो.

तिथे आपल्या आधी एक बाई होती, चष्मेवाली, इंग्रजी बोलणारी. दार अर्धवट उघडं होतं. तिला म्हणे 'पाल्पिटेशन' होत होतं. हा शब्द मी तेव्हाच पाठ केला, भाजीच्या नावासारखा वाटला म्हणून. डॉक्टर तिला म्हणाला, "बसा ना मॅडम, कधीपासून होतंय?" छातीला चिमटे लावून कागदही काढला.

मग तू आत गेलीस. तो मान वर न करता म्हणाला, "हां मावशी, बोल लवकर." तू म्हणालीस, "माजा जीव घाबरा होतंय."

तो म्हणाला, "घाबरायचं काय त्यात? घाबरू नकोस. झोपेची गोळी देतो." आणि पुढचं माझ्या रमेशला सांगत बसला, जणू तू तिथे नव्हतीसच.

तू! घाबरणारी! जिने मिठागराच्या बांधावर घोणस फावड्याने उडवली, ती! बाहेर येऊन तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "बारके, मना भित्री बोलला गो त्यो!" दुखण्यापेक्षा तेच तुला जास्त लागलं. घरी पोरांनी थट्टा केली, "आक्का डॉक्टरला घाबरली." तू हसलीस, पण परत कुणाला काही सांगितलंच नाहीस. का नाही सांगितलंस गं? मला तरी सांगायचं होतंस! त्याच वर्षी भाताची कापणी व्हायच्या आत तू गेलीस.

आता कालचं. महिनाभर मलाही तसंच होतंय. पाणी भरताना मधेच काळीज फडफडतं, कान बंद झाल्यासारखे होतात. रमेशने नेलं. डॉक्टरीण आपल्या नातीएवढी. मी आत शिरताच बजावलं, "माझा जीव घाबरा होतो. पण मी घाबरत नाही हां, तसं लिहू नका!"

पोरगी हसली. रमेश सांगायला लागला तर म्हणाली, "काका, आजींना बोलू द्या." मग माझ्याकडे खुर्ची ओढून, "आजी, घाबरा होतो म्हणजे कसं? हाताने दाखवा." मी माझा हात मासळी तडफडते तसा उडवून दाखवला. तिने माझं मनगट धरलं आणि ठोके मोजत राहिली. आक्का, मनगट धरून कुणी इतकं गप्प बसलेलं मी कितीतरी दिवसांनी पाहिलं! चिमटे लावले, कागद काढला, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलंय.

मग मला राहवलं नाही. विचारलं, "पाल्पिटेशन म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आजी, तुम्ही दाखवलंत ना हाताने, तेच."

तेच! त्या बाईचं इंग्रजी दुखणं आणि तुझं मराठी दुखणं एकच होतं, आक्का!

मी तिथेच रडले. तुझं सगळं सांगितलं, साडीपासून. बाहेर माणसं खोळंबलेली, पण तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "त्या वाचल्या असत्या की नाही, मला आज सांगता येणार नाही. पण त्यांना तपासायला हवं होतं. त्या घाबरल्या नव्हत्या." मग तुझं नाव विचारलं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, सासऱ्यांच्या नावासकट.

येताना रिक्षात मला इतकं हलकं वाटलं! घराजवळ आल्यावर रमेश म्हणाला, "आये, आमी उगाच हसलो तवा."

आक्का, येत्या रविवारी तुझी पोरं, सुना, नातवंडं सगळी जेवायला येतायत. ताटं वाढायच्या आधी मी सगळ्यांना सांगणार आहे, तुमची आक्का भ्यायली नव्हती, तिला दुखत होतं आणि तिने ते नीट सांगितलं होतं. शब्द देते तुला. यापुढे या घरात तुला कुणी भित्री म्हणणार नाही.

तुझी लाडकी जाऊ,
बारकी