दोन वाड्यांतला फरक

११ नोव्हेंबर
आज वाडीत परीक्षा! माझी न्हाय, किड्यांची. दोन वर्षांमागे आपलं शेतकी कॉलेज आणि परदेशातलं एक कॉलेज एकत्र आलं. नारळावरची पांढरी माशी खाणारे बारके किडे बाहेरून आणले, शेजारच्या रहिमुन्निसाच्या वाडीत सोडले. माझ्या वाडीत मुद्दाम काहीच न्हाय — फरक बघायला. आता एक गोरी बाई तो फरक मोजायला आलीय. दिसला तर सगळ्या गावाला किडे. न्हाय तर काम बंद — आणि गावात राहून ते बघणाऱ्या मनालीची नोकरीपण.

गोरी माडाखाली तोंड वासून उभी. म्हटलं, बाजूला हो बाय, नारळ पडला तर दात मोजावे लागतील.

१२ नोव्हेंबर
मनालीने भिंग दिलं. अर्धा दिवस सोडलंच न्हाय! झावळीच्या पातीवर माशीची पिल्लं दिसली. पांढरी ती जिवंत, काळी ती किड्याने आतून खाल्लेली. काळीच जास्त! मी खूश. मनालीचं तोंड उतरलं. "आजी, ही तुमच्या वाडीतली पात आहे. इथे किडे सोडलेच नव्हते."
रहिमुन्निसाकडची पातपण बघितली. दोन्ही वाड्या सारख्याच. मग हे मेले किडे माझ्याकडे आले कसे?

१३ नोव्हेंबर
कळलं! झावळ्यांचा झाप विणायला बसले आणि हात थांबला. रहिमुन्निसाच्या तोडलेल्या झावळ्या मीच आणते. ती म्हणते, "ने गो तुळशे, माझ्या सुनांना झाप येतोय कुठं? मोबाइल तेवढा येतो." आठवडाभर माझ्या माडांना टेकवते, मग भिजवते. किडे झावळीवर बसून आले असणार.

मनालीला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. मग हसली. "म्हणजे किडे कामाचे निघाले, आजी! आमची तुलना तेवढी फुकट गेली."
गोरीने दोन्हीकडच्या पाती डब्यांत भरून तपासायला पाठवल्या.

१४ नोव्हेंबर
रहिमुन्निसा कुंपणावरून — "माझे किडे पळवलेस व्हय गो?" म्हटलं, तुझ्याकडे उपाशी होते, म्हणून आले.

२ डिसेंबर
मनालीचा फोन. किडे कॉलेजवाल्यांचे नव्हेतच! दुसऱ्याच जातीचे, आपले आपण आलेले. रहिमुन्निसाकडेपण तेच. बाहेरून आणलेला एकही जगला न्हाय.
"आजी, अहवालात काय लिहू?"
म्हटलं, खरं ते लिही.
"नोकरी जाईल."
म्हटलं, तू लिही, मी फोनवर हाय. फोन कानाला धरून बसले.