आमची कढई चढल्याचे वर्तमान

उरई,
रंगपंचमी

तीर्थरूप जिज्जींच्या चरणी धाकट्या शिवाधारचा साष्टांग नमस्कार. (यंदाचा साष्टांग मनोमन घातला आहे असे समजावे. कंबर धरली आहे. का धरली ते ओघाने येईल.) जीजाजींचा दमा आता कसा आहे? रंगाच्या दिवशी त्यांनी खिडकीतसुद्धा बसू नये असे मी सुचवले होते, पण वडीलकीच्या नात्याने त्यांनी ते ऐकले नसणारच. इथे सर्व क्षेम आहे. भुरी गाय दूध देते, तिचे वासरू माझी धोतरे खाते, आणि कॉलेजात माझ्या संस्कृतच्या तासाला मुले पूर्वीइतकीच येतात, म्हणजे बाहेर ऊन फार झाले की येतात.

वासरावरून आठवले. गेल्या वर्षी ऐन धुळवडीला भुरी व्यायली हे तुम्हाला कळवलेच होते. घरातले थोरले, आपले ताऊजी ज्या होळीला वारले तेव्हापासून आपल्या घरचा तो सण खोटा झाला होता. जन्मभर गल्लीभर हिंडून दुसऱ्यांच्या खवाभरल्या गुजिया खाणाऱ्या माणसाने जाताना नेमका तोच दिवस निवडावा आणि स्वतःच्या घरची कढई बंद पाडावी, याला मी प्राक्तन म्हणतो. तुमची भावजय जे म्हणते ते पत्रात लिहिता येत नाही. खोट्या सणाला घरात तळण नाही. त्याच दिवशी घरात मूल जन्मावे किंवा गोठ्यात गाय व्यावी, तेव्हाच सण सुटायचा. आमच्या दोन्ही चिरंजीवांनी जन्मासाठी भर उन्हाळा निवडला (पुढेही त्यांनी कोणते काम वेळेवर केल्याचे ऐकिवात नाही). शेवटी कुळाची लाज भुरीने राखली, आणि यंदा कढई चढणार हे ठरले.

आता अडचण अशी, की तुमची भावजय या घरात आली ती ताऊजी गेल्यानंतरच्या साली. म्हणजे या चुलीवर तिने गुजिया कधी तळलीच नाही. दर होळीला शेजारणी रीतीप्रमाणे ताटे पाठवायच्या, आणि ही कोणत्याही रीतीत नसताना त्यांवर निवाडा द्यायची. ठकुराइनच्या गुजियेत सारण इतके कमी, की पाळण्यातल्या पोराला खुळखुळा म्हणून द्यावी. डाकबाबूंच्या बायकोची मुरड म्हणजे उसवलेल्या उशीची शिवण. आणि समोरच्या मिसराइन चाचींच्या गुजियेबद्दल तर तिने त्यांच्याच ओसरीवर बसून सांगितले होते, की चाची, ही खायची आहे की हिने अक्रोड फोडायचे आहेत? चाचींनी ते हसून घेतले. पण जिज्जी, गल्लीतली हसून घेतलेली गोष्ट मुरांब्यासारखी असते. ती बरणीत मुरत राहते.

तेव्हा यंदा सगळी गल्ली पंडिताइनच्या, म्हणजे तुमच्या भावजयीच्या, गुजियांची वाट पाहत होती, चातकाने पाहावी तशी नव्हे, मांजराने पाहावी तशी. आपल्याकडे एकटीने कोणी गुजिया करत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, साऱ्याजणी आपापले लाटणे काखेत मारून जातात. त्याप्रमाणे प्रत्येकीने येऊन विचारले, तुमच्याकडे कधी बसायचे? तुमच्या भावजयीने प्रत्येकीला निराळा दिवस सांगितला, आणि त्यांतल्या एकाही दिवशी न बसता भलत्याच सकाळी दाराला आतून कडी घालून परात मांडली. मदतीला मी. चिरंजीव परीक्षेसाठी कानपुरात, आणि भुरीला हात नाहीत.

मी म्हटले, मदतीला कोणी बोलावू या. ती म्हणाली, मरेन पण बोलावणार नाही. वर्षानुवर्षे ज्यांच्या मुरडीला नावे ठेवली त्यांच्यासमोर पहिली मुरड घालू? तर्क बिनतोड होता. मी न्यायशास्त्र शिकलो आहे, त्यामुळे हरलेला पक्ष चटकन ओळखतो.

मैदा मळला. मोहन भरपूर घातले. खवा भाजला, आणि तो मात्र खरोखर सुरेख भाजला. घरभर असा वास सुटला की मला अम्माच्या वेळची होळी आठवली. मग भाजलेल्या खव्यात, तो गरम असतानाच, साखर ओतली. (ओतली मी. ओत असे तिने सांगितले होते. या कंसातल्या दोन वाक्यांवरून आमच्यात अजून वाद चालू आहे.) साखर विरघळली, सारणाला पाझर फुटला. तोवर लाटलेल्या पाऱ्या, ओले फडके टाकायचे कोणालाच न सुचल्याने, पापडासारख्या वाळल्या होत्या. मी जमिनीवर मांडी घालून मुरड घालू लागलो. पाणिनी समजावून सांगता येतो, जिज्जी, पण मुरडीचे सूत्र फार गहन आहे. एक कड मिटावी तर दुसरी उघडते, आणि दोन्ही मिटाव्या तर मधूनच सारण डोकावून आपली विचारपूस करते. कंबर गेली ती इथे.

पहिली गुजिया हात जोडून कढईत सोडली. ती तळाशी गेली, वर आली, आणि आमच्याकडे पाहून तिने तोंड उघडले. मागोमाग सगळ्यांनी उघडले. खवा तुपात, तूप खव्यात, आणि वर काळा फेस. वस्तू निर्माण होण्याआधी तिचा अभाव असतो आणि नष्ट झाल्यावर दुसऱ्या जातीचा अभाव असतो, असे मी मुलांना शिकवतो. आमच्या गुजिया मधल्या काळात अस्तित्वात न येताच पहिल्या अभावातून दुसऱ्यात गेल्या.

धूर खिडकीबाहेर गेला आणि गल्लीला आमंत्रण पोचले. थोड्याच वेळात कडी वाजली. मी तुमच्या भावजयीकडे पाहिले. ती कढईकडे पाहत होती. बाहेरून मिसराइन चाचींचा आवाज आला.

"दार उघड ग पंडिताइन. चाखायला नाही आलो, लाटायला आलोय."

मी उघडले. चाची, मागे ठकुराइन, तिच्यामागे डाकबाबूंची बायको, तिघींच्या काखेत लाटणी. तिघी कढईभोवती उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांचे व्याज आता एकदम वसूल होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. चाचींनी त्यातली एक जळकी, फुटकी उचलली, फुंकून तोंडात टाकली, सावकाश चावली. मग म्हणाल्या, "खवा छान भाजलायस."

बस, एवढेच. कोणी हसले नाही, टोमणा नाही. ठकुराइनने नवा मैदा मळायला घेतला, डाकबाबूंच्या बायकोने तूप गाळले, मला अंगणात हाकलले, आणि दुपारपर्यंत परातभर गुजिया झाल्या, सोनेरी, एकीचेही तोंड उघडे नाही. घरची होळी सुटली. शिदोरी सागरला तुमच्याकडे येणाऱ्या आपल्या बच्चनलालबरोबर पाठवत आहे. जीजाजींनी एकच खावी, तुम्ही त्यांच्यादेखत दोन खाव्यात.

मुलांना अनेक आशीर्वाद, आणि मोठ्यांच्या पायी मस्तक.

तुमचा,
शिवाधार

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. जिज्जी, तुमच्या भावजयीची वाचा गेली आहे. म्हणजे बोलते, पण निवाडा देत नाही. चाचींची ती दया तिला टोमण्यापेक्षा खोल लागली. धुळवडीला घरोघर गेली, प्रत्येकीची गुजिया खाल्ली आणि प्रत्येकीला "छान झालीय" म्हणून आली. गल्ली हादरली आहे. ठकुराइन मला बाजूला घेऊन विचारून गेली, पंडिताइनला ताप आहे का? चाचींना वाटते, हिने मनात अढी धरली. काल त्या डोळे पुसत होत्या. वरणात मीठ नाही असे मी म्हटले तरी मला काही ऐकून घ्यावे लागले नाही, यावरून दुखण्याची कल्पना यावी. तरी एवढी कृपा करा: गुजिया कशाही लागोत, तुम्ही तिला चांगले खरमरीत पत्र लिहा. मुरड, मोहन, गोडी, एकही बाजू सोडू नका. शेजारणी आता बोलणार नाहीत. नणंदेचा हक्क मात्र शास्त्रसंमत आहे.

ता. ता. क. वरील विनंती रद्द समजावी. मी पाकीट आणायला उठलो तेवढ्यात तिने पत्र वाचले. तिने जे लिहायला सांगितले ते शब्दशः देत आहे: "जिज्जींना म्हणावं, नावं खुशाल ठेवा. आम्ही तुमच्याकडे सागरला होळीला आलो होतो तेव्हा तुमच्या गुजिया खाल्ल्यात. मोहनाचा पत्ता नव्हता. दात माझे होते म्हणून निभावलं." एवढे सांगून ती तडक मिसराइन चाचींकडे गेली आहे. इथपर्यंत तिच्या निवाड्याचा आवाज येतो आहे. चाची म्हणताहेत, आली बाई एकदाची, आणि आणखी एक ताट वाढताहेत.