द्रांदेने दिलेला शब्द

शोश, ४ सप्टेंबर १९२३

ती. द्रांदेताईस,
गास्परचा सा. न. वि. वि.

श्कोदरला बातमी पोचली असेलच. आपल्या चुलतभावाने, लूशने, पाटाच्या पाण्यावरून निकोल गेगाला गोळी घातली आणि तो डोंगरापलीकडे पळाला. आता सूड घ्यायला निकोलच्या भावांना आपल्या घरचा कुठलाही पुरुष चालेल. म्हणून आम्ही सगळे दगडी बुरुजात बंद. गवतकापणी बायकाच करताहेत.

राजधानीत, तिरान्याच्या कायदेसभेत, सुडाच्या प्रथेविरुद्ध कायदा करा असं भाषण सभासद म्हणून मीच केलं होतं. काका रोज विचारतात, मास्तर, तुमचा कायदा कुठवर आला, की त्याला आणायला खेचर पाठवू? मीही हसतो. पण मुलींचा वर्ग याच महिन्यात उघडायचा होता आणि शाळेला कुलूप आहे. मंत्री शिपाई देतो म्हणाले. बंदुकांच्या पहाऱ्यात मुलींना अक्षरं कशी शिकवू?

बाईवर कुणी बंदूक उचलत नाही, तेव्हा तू उठून निकोलच्या आईकडे जाशील. जाऊ नकोस. माझ्यासाठी अभयवचन मागितलंस, तर माझा जीव त्यांच्या हातचा आहे हे मीच मान्य केल्यासारखं होईल. मग सभेत कुठल्या तोंडाने बोलू?

काळजी करू नकोस, हे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझा,
गास्पर

श्कोदर, १७ सप्टेंबर

चि. गास्परला पोटभर आशीर्वाद.

तू कधी माझं ऐकलंस, म्हणून मी तुझं ऐकावं? नन्सच्या शाळेत होते, तेव्हा रविवारी तू भेटायला यायचास. फाटकाच्या जाळीत बोटं अडकवून नवी अक्षरं म्हणून दाखवायचास. तुझं पत्र वाचताना तोच पोरगा डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या सकाळी खेचर ठरवलं.

निकोलच्या आईने, मृकाने, आधी कॉफी दिली. वैऱ्याच्या घरची असले तरी दारात आलेली पाहुणीच. सुतकाच्या घरची कॉफी, बिनसाखरेची. मी मागणं घातलं. ती म्हणाली, शाळेसाठी बाहेर पडला तर मास्तरला कुणी हात लावणार नाही, निकोलची लेकही त्याच्याकडे शिकायला पाठवते. पण माझ्या लेकाचं रक्त म्हणजे कोर्टाचं काम, असं तो तिरान्यात पुन्हा बोलला, तर वचन संपलं. मी म्हटलं, अहो, तो झोपेतसुद्धा भाषण करतो. ती हसली नाही. म्हणाली, तू थोरली आहेस, त्याच्या वतीने शब्द दे.

पंचांसमोर बाईचा शब्द धरत नाहीत. तिने माझा मागितला. आजवर कुणी मागितला नव्हता, गास्पर. मी दिला.

रागावलास तरी चालेल. जिवंत राहून रागाव.

आठवण ठेवणारी,
ताई

शोश, ९ ऑक्टोबर

ती. द्रांदेताईस,
गास्परचा सा. न. वि. वि.

शाळा उघडली. मी बाहेर आलो, बाकीचे बुरुजातच आहेत. निघताना काकांनी मक्याची भाकर बांधून दिली आणि म्हणाले, मास्तर, आमच्यासाठी तो कायदा आणाच. या वेळी ते थट्टा करत नव्हते. मी भाकर घेतली आणि जिना उतरलो.

निकोलची लेक पुढच्या बाकावर बसते. नाव फिले. हुशार आहे, थोडी भांडखोर. पहिल्याच दिवशी तिने विचारलं की तुम्हाला आमच्या आजीने सोडलंय का. मी हो म्हणालो. ती खूश झाली.

पुढच्या आठवड्यात तो कायदा सभेपुढे येतोय. तिरान्याहून तार आली की भाषण तुम्हीच करायचं आहे. प्रकृती बरी नाही, असं कळवलं. मी तार लिहीत होतो, तेव्हा फिले शेजारी पाटीवर बापाचं नाव गिरवत होती. कसं जमलंय विचारलं तिने. छान, म्हणालो.

तू दिलेला शब्द मी पाळतो आहे आणि पाळीन. तुझ्यावर राग धरता येत नाही, तेवढी सोयही तू ठेवली नाहीस. एवढंच कर, ताई. यापुढे माझ्यासाठी कुणाकडे काही मागू नकोस.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
गास्पर