कूलरजवळची चप्पल

मंगळवार, संध्याकाळ

आज थाटीपुरला ताईच्या क्वार्टरची वायरिंग तपासली. सॉकेटला अर्थिंगची तारच नाही, आणि लोखंडी कूलरला करंट येतो. ताईचा उपाय काय, तर रबरी चप्पल. ती घालूनच कूलरमध्ये पाणी भरते! मी प्लग काढला, तर जिजाजींनी लगेच परत लावला. "इतक्या गरमीत बंद करू? सब ऐसे ही चलाते हैं."

परक्यांच्या घरी वायरिंगच्या कामाला गेलो की मी भांडून मेन स्विच बंद करतो. इथे मी फक्त धाकटा भाऊ. काय करू? जीव नुसता टांगणीला लागलाय. आत्ता फोन केला, तर ताई हसली. "अरे, चप्पल घातलीये मी!"

चप्पल! आणि तिची छकुली? ती कूलरजवळच्या ओल्या फरशीवर रांगते.