दादाने लावलेला स्क्रू

२ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा बंद! शाळेचा व्हिडिओ तुकड्या-तुकड्याने कसाबसा निम्म्यावर आणला होता, जिना चढून वर्गांच्या ओळीपर्यंत पोचला होता – आणि स्क्रीन काळी. पंखा एकदा घोंगावला आणि चिडीचूप. सकाळपासून हे चौथ्यांदा.

शाळा अजून बांधलेली नाही. साहेबांनी, म्हणजे आर्किटेक्टनी, नकाशे दिलेत. त्यावरून मी असा व्हिडिओ करायचा की बघणाऱ्याला वाटावं, आपण फाटकातून आत शिरून सगळी इमारत फिरून आलो. शुक्रवारी दुपारी ते शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या लोकांना दाखवणार. नोकरी सोडून घरी बसल्यावरचं माझं पहिलं मोठं काम आहे हे. पसंत पडलं तर पुढचं वर्षभर त्यांच्या ऑफिसची सगळी कामं माझ्याकडे. नाही तर त्यांचा भाचा टपून बसलेलाच आहे.

"मॅडम, शुक्रवार म्हणजे शुक्रवार हं," – साहेब. दिवसातून दोनदा ऐकवतात. मी काय कॅलेंडर फाडून टाकलंय का?

दादाला फोन केला. मोठा भाऊ माझा. लिफ्टची दुरुस्ती करतो आणि उरलेल्या वेळात अख्ख्या खानदानाची. कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा, कुणाची शिलाई मशीन. हा कॉम्प्युटरसुद्धा त्यानेच गेल्या महिन्यात सुटे भाग आणून जोडून दिला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू त्याच्यावर एकदम किती गोष्टी उघडून ठेवतेस? दम खाऊ दे की जरा त्याला."

दम खाऊ दे! कॉम्प्युटर आहे का म्हातारा बैल?

३ नोव्हेंबर, मंगळवार

प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकला. नुसती बसले होते, एकही फाईल उघडी नाही, तरी पासष्ट. व्हिडिओ तयार करायला लावला आणि डोळ्यांसमोर आकडा पळत सुटला – ऐंशी, नव्वद, शंभर. बंद! पाणी उकळायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. प्रोसेसर जळू नये म्हणून आपण होऊन बंद पडतो, असं वाचलं. म्हणजे यंत्राला अक्कल आहे. घरातल्या माणसांचं काय करू?

नवऱ्याने टेबलफॅन आणून कॅबिनेटसमोर ठेवला आणि मोठी कामगिरी केल्यासारखा ऑफिसला गेला. आकडा एका अंशानेही हलला नाही. नकाशे तेवढे खोलीभर उडाले.

दुपारी आई आली. तिला म्हटलं, जरा बाजूचं झाकण काढून बघते आत काय आहे ते. तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिजोरी फोडायला निघालेय.

"दादाला विचारलंस?"

आमच्याकडचा हा कायदाच आहे. दादाने लावलेला स्क्रू दुसऱ्याने काढायचा नाही. एकदा मामाने त्याने दुरुस्त केलेला मिक्सर उघडला होता. परत जोडला तर पातं उलटं फिरायला लागलं आणि चटणी छताला. तेव्हापासून हा कायदा. दोन वर्षं आईचा रेडिओ एकच स्टेशन लावतो, पण उघडत कुणी नाही. दादाला सवड झाली की बघेल! आणि हल्ली त्याला सवड होतच नाही. आज येतो, उद्या येतो. पूर्वी फोन ठेवायच्या आत दारात हजर असायचा.

मला या कायद्याचा भयंकर राग येतो. कॉम्प्युटर माझा, काम माझं, उद्या नाक कापलं जाणार तेही माझं. आणि झाकण दादाचं?

आई गेल्यावर काढलं झाकण.

आत सगळं नीटनेटकं. तारा वेणी घातल्यासारख्या बांधलेल्या. दादाचं काम म्हणजे दादाचं काम, उगीच नाव कशाला ठेवू. पण पुढच्या जाळीपाशी टिशूचा तुकडा धरला तर तो आत ओढला जायच्या ऐवजी बाहेर उडाला! पुढचा पंखा उलटा बसवलाय. मागचाही हवा बाहेर टाकतोय आणि पुढचाही. मग आत येणार कुठून? पंख्याच्या कडेला बाण आहे, हवा कुठून कुठे जाते त्याचा. लहानसा आहे, काळ्यावर काळा, पण आहे.

दादाला फोन केला. "कंपनीने बाणच उलटा छापला असेल." कंपनीने! आणि वर, "तू झाकण कशाला काढलंस?"

पंखा काढून सुलटा केला. आता नुसतं बसलं तर बासष्ट. काम दिलं की तेच, शंभर आणि बंद. हात टेकले.

४ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात गेले होते. नवऱ्याला बरोबर नेलं ही चूक झाली.

मी सांगतेय. दुकानदार ऐकतोय माझं, उत्तर देतोय नवऱ्याला. मी म्हटलं, काम सुरू केल्याबरोबर शंभरला जातो. तो नवऱ्याला म्हणाला, "मॅडम किती तास चालवतात?" मी म्हटलं, तास कसले, पाच मिनिटंही चालत नाही. तो नवऱ्याला म्हणाला, "धूळ वगैरे पुसतात का घरी?" नवरा बापडा माझ्याकडे बघून म्हणाला, "हिलाच विचारा, मला त्यातलं काही कळत नाही." तरी नाही! माझ्याशी बोललं तर याच्या जिभेला फोड येणार होते बहुतेक.

मग त्याने काचेच्या कपाटातून प्रोसेसर गार ठेवणारा पाण्याचा कूलर काढला. नळ्यांमधून पाणी खेळतं, तीन पंखे, रंगीत दिवे. "साहेब, याच्यापुढे दुसरं काही बघायलाच नको." मी विचारलं, पाणी गार करणारा हा एवढा लांब रेडिएटर माझ्या कॅबिनेटमध्ये बसणार कुठे? पुढे तर हार्ड डिस्कचा कप्पा आहे. मग म्हणाला – नवऱ्याला! – "कॅबिनेटही बदलून टाका ना मग."

म्हणजे टोपी बसत नाही तर डोकं बदला. काहीही न घेता बाहेर पडले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, वाटेत नवऱ्यालाही दोन बोलले. त्याचा काही दोष नव्हता. कॉफी पाजली त्याने.

संध्याकाळ

डोकं शांत झाल्यावर नीट विचार केला. प्रोसेसरवर दादाने बसवलाय तो कूलर काही लेचापेचा नाही – वीतभर उंच, पातळ पत्र्यांची चळत, मधून तांब्याच्या नळ्या, पुढे पंखा. असाच कूलर वापरून लोक माझ्यापेक्षा जड कामं करतात, वाचलं मी. मग माझाच का कमी पडतो?

काम सुरू करून दिलं. आकडा नव्वदच्या पुढे गेल्यावर हात घालून त्या पत्र्यांना बोट लावलं.

गार! गारेगार! खाली प्रोसेसर भाजून निघतोय आणि त्याच्या डोक्यावर बसलेला कूलर माठासारखा थंड.

म्हणजे कूलर लहान नाही, पंखा मंद नाही, माझं काम जास्त नाही, धूळ नाही, तास नाहीत. खालची उष्णता वर पोचतच नाहीये! दोघांच्या मध्येच काहीतरी घोळ आहे. या कूलरच्या जागी नदी आणून बसवली तरी उपयोग नव्हता. आणि तो महाभाग मला कॅबिनेट बदलायला सांगत होता.

दादाला फोन लावला. वहिनीने उचलला. म्हणाली, "झोपलेत ते. डोकं दुखतंय म्हणाले." एवढ्या लवकर? मी म्हटलं, उद्या सकाळी येऊन कूलर काढून बघायला सांग, शुक्रवार तोंडावर आलाय. तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही दुकानातल्याच कुणालातरी दाखवा ना. त्यांना नका आता सांगू."

हे मात्र फार झालं! सख्ख्या बहिणीसाठी अर्धा तास नाही. आणि वहिनी, एवढी साधी बाई, तीसुद्धा आता वकिली करायला लागली.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी त्याच दुकानात गेले. एकटी. पेस्टची ट्यूब द्या म्हटलं, उष्णता वर पोचावी म्हणून प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती. "साहेब नाही आले?" – तिथेच ट्यूब त्याच्या नाकात खुपसावीशी वाटली.

घरी आले. वीज बंद केली, तार काढली. कूलरचे स्क्रू एकेक करून, समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले केले. यंत्राची भीती नव्हती, दादाची होती. एवढी मोठी झाले तरी!

कूलर उचलला. उलटा केला. आणि बघतच राहिले.

बुडाला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. तशीच्या तशी! कारखान्यातून येताना ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवतात ती. पेस्ट सगळी त्या प्लास्टिकवर लावलेली. आणि पट्टीवर तांबड्या, ठसठशीत अक्षरांत, माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या – बसवण्याआधी ही पट्टी काढा.

प्लास्टिक पांघरून बसवलं होतं कूलरला! एक महिनाभर! आणि मला सांगतो, दम खाऊ दे त्याला. किती गोष्टी उघडतेस. कंपनीने बाण उलटा छापला. वाचायचे कष्ट नाहीत घेतले राव. डोळ्यांपुढे धरलेलं वाचलं नाही. घाई! बहिणीचं काम आहे, कसंही आटपून टाका, ती काय बोलणार! परक्या माणसाच्या लिफ्टला असं केलं असतं का त्याने?

रडूच आलं मला. रागाने आलं, पण आलं.

पट्टी ओढून काढली, तांबं पुसून लख्ख केलं, वाटाण्याएवढी पेस्ट, कूलर परत बसवला. सुरू केला. नुसतं बसलं तर छत्तीस. काम दिलं – पन्नास, अठ्ठावन्न, त्रेसष्ट. आणि तिथेच थांबला! मी खुर्चीत बसून त्या त्रेसष्टकडे अशी बघत होते, जशी बाळाचा ताप उतरल्यावर आई थर्मामीटरकडे बघते.

पुढे कधी जड कामं आली तर याच कूलरला मागून दुसरा पंखा लावता येतो, जागा आहे. पाणी नको, नळ्या नकोत, दिवे तर मुळीच नकोत.

संध्याकाळपर्यंत अख्खी शाळा फिरून व्हिडिओ फाटकापाशी परत आला. एकदाही बंद न पडता.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांचा फोन. मंडळाच्या लोकांनी दोनदा बघितला. ग्रंथालयाच्या खिडकीतून ऊन आत येतं तिथे थांबवून बघितला म्हणे! "मॅडम, सोमवारी या. वर्षभराचं बोलून टाकू." भाच्याचा विषयही निघाला नाही.

नवऱ्याने मला उचलून गरकन फिरवलं, मग कंबर धरून बसला.

७ नोव्हेंबर, शनिवार

एवढं चांगलं झालं तरी राग जात नाही. पट्टी धुऊन पुसून पाकिटात ठेवलीय, तांबडी अक्षरं जशीच्या तशी ठसठशीत आहेत. उद्या आईकडे सगळे जेवायला आहेत. सगळ्यांसमोर दादाच्या हातात देणार आणि म्हणणार, वाच मोठ्याने. तो कायदा उद्या मोडीत निघालाच पाहिजे. नवरा म्हणतो, "जाऊ दे ना, काम झालं ना तुझं?" नाही जाऊ देणार! त्याने एकदा म्हणावं, चुकलं माझं. बाकी काही नको.

८ नोव्हेंबर, रविवार

दिली. म्हटलं, वाच.

दादाने ती उलटीसुलटी केली. नाकाशी नेली. खिडकीकडे धरली. मग हसून म्हणाला, "काय वाचू? कोरी तर आहे."

सगळे हसले. आई म्हणाली, बघा कसा उडवून लावतो! मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती. तिने पट्टी त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि मुठीत चुरगळली.

नंतर स्वयंपाकघरात दार लोटून माझे दोन्ही हात धरले तिने. "ताई, त्यांच्या कामावर कुणाला कळू देऊ नका हो."

उद्या सोमवार. सकाळी दादा लिफ्टच्या तारा जोडायला जाणार आहे.