फेटियाचा नंबर

तांडा, डोंगरकड्याजवळ
१२ मार्च

प्रिय निलम,

रोज फोनवर बोलतो आपण, आणि तरी ही बाई पत्र लिहून राहिली, म्हणजे हिचं डोकं फिरलं का काय असं तुला वाटेल. वाटू दे. सातवी शिकलेला हात आहे, अक्षर बघून हसू नको. लिहून झालं की याचा फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवते. टपालानं जर्मनीला पाठवलं तर तिथले साहेब याचाही नंबर विचारतील, आणि माझ्यात आता तेवढी ताकद न्हाई.

औंदा हळद बरी आली. तुझे बापू सकाळपासून हळद शिजवायच्या कढईजवळ बसलेत, दुसऱ्या कोणाला तिथं फिरकू देत न्हाईत. गुडघा सुजलाय, पण विचारलं की म्हणतात, काई तकलीफ न्हाई. तू विचारलंस तर तुलाही तेच सांगतील. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. म्हणजे दर सोमवारी झाडते, त्यात नवं काही न्हाई.

दिवाळीत तू म्हणालीस, याडी, हॉस्पिटलात मला पक्की नर्स म्हणून कागद मिळणार, त्या दिवशी सगळ्याजणी आपापल्या मुलखाचे कपडे घालणार, तू शिवलेला जोड पाठव. पोरी, मला किती आनंद झाला तुला काय सांगू! तू दहावीत होतीस तेव्हापासून तो फेटियाचा घागरा भरून राहिले होते मी. तू गेलीस तेव्हा घेराची अर्धी किनार राहिली होती, ती तशीच पेटीत टाकली होती. दिवाळीनंतर पेटी उघडली आणि महिन्यात सगळं पुरं केलं. आरसे, कवड्या, कांचळीच्या बाह्या, ओढणीचा पट्टा, काही सोडलं न्हाई. बोटांची पार चाळणी झाली.

पाठवायच्या आदल्या दिवशी एक येडेपणा केला, तो तुला फोनवर सांगितला न्हाई. तो जोड मी दिवसभर अंगावर घातला. आता तांड्यात साऱ्याजणी साडी नेसतात, मीसुद्धा किती वर्षांनी फेटिया घातला. त्यातच भाकरी थापल्या, पाणी भरलं, शेळीला पाला टाकला. तुझे बापू म्हणाले, काहून एवढी नटलीस? मी म्हणलं, गप जेवा. निलमला तिकडं माझा वास यावा म्हणून घातला होता. तू लहानपणी माझ्या ओढणीत तोंड खुपसून झोपायचीस ना, त्याची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेले, तर कुरियरवाल्या भावसिंगनं विचारलं, मावशी, कपडे नवे का वापरलेले? आता मी दिवसभर घातलेला कपडा नवा कसा म्हणू? म्हणलं, वापरलेले. त्यानं जुन्या कपड्यांचा नंबर टाकला आणि तिथंच सारा घोळ झाला.

मग तुझे फोन सुरू झाले. परदेशात उतरणाऱ्या हर कपड्याला कस्टमवाले एक नंबर देतात, त्यावर कर ठरतो, हे मला तूच शिकवलंस. जुने कपडे म्हणजे चांगले झिजलेले पाहिजेत, आणि ते गाठी बांधून ढिगानं यायला पाहिजेत. आरसे लखलखणारा एकटा जोड जुना कसा, असं त्यांचं म्हणणं. बराबरच आहे त्यांचं. मग त्यांचे सवाल. कापड सुयांवर विणलेलं का मागावरचं? सूत कोणतं? पुढून उघडतं तर डावी बाजू उजवीवर येते का उजवी डावीवर, कारण त्यावरून ते बाप्याचं का बाईचं ते ठरतं. मी म्हणलं, अगं, आपल्या कांचळीला पुढं बटणच न्हाई, पाठ उघडी आणि मागं नाड्या, त्यांना काय सांगू? तू म्हणालीस, ज्याचं काहीच कळत न्हाई ते बाईच्या खात्यात टाकतात. आपण दोघी किती हसलो त्या दिवशी! बापू बाहेरून आत आले बघायला.

हे सवाल व्हायच्या आधी तुझा फोन पंधरा दिवसांनी यायचा. जेवलीस का, जेवले, बापू कसे आहेत, बरे आहेत, ठेवते. त्यात तुझी चूक न्हाई, तुझी ड्युटीच तशी. पण कपडे अडकले आणि तू रोज अर्धा अर्धा तास बोलू लागलीस. किनारीच्या टाक्याचं नाव काय, तो तुला कोणी शिकवला, तुझी याडी कशी होती, असं सगळं विचारलंस. एवढ्या वर्षांत तू मला हे कधी विचारलं नव्हतंस. मी संध्याकाळची वाट बघत बसायची, भाजी करपायची.

शेवटी तू म्हणालीस, एका कागदावर लिही की हे नवं आहे, मी स्वतः शिवलं आहे, सही कर आणि वीस तारखेच्या आत भावसिंगकडं दे, म्हणजे ते सोडतील. मी हो म्हणलं. त्यानंतर तुझा कार्यक्रम झाला. फोटोत बाकीच्या पोरी कशा नटलेल्या, आणि माझी लेक साध्या निळ्या पंजाबी ड्रेसात कडेला उभी. मी फोनवर म्हणलं, छान दिसतीस. फोन ठेवला आणि लई रडले.

आता ऐक, आणि रागव मला, रागवायलाच पाहिजे. तो कागद मी त्याच दिवशी लिहिला होता, सहीसुद्धा केली होती. पण तो दिला की कपडे सुटतील आणि तुझा फोन पुन्हा पंधरा दिवसांवर जाईल, म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. मुदत गेली. जोड परत निघाल्याचं तुला कळलं, तेव्हा मी म्हणलं, इथं तर काही पोचलं न्हाई. खोटं बोलले. येऊन अठरा दिवस झाले, आत्ता माझ्या मांडीवर आहे. काल तू म्हणालीस की त्याची चौकशी करायला सुट्टी काढून दुसऱ्या गावच्या ऑफिसात जाते, आणि मला लाज वाटली. जाऊ नको, बाई. तुझा एवढा मोठा दिवस मी माझ्या हावेपायी फिका केला. माफ कर. मी दर वेळी म्हणते ना, यायची घाई करू नको, तिकीट महाग आहे, आमी बरे आहोत, ते बी खोटंच. हा जोड मी पुन्हा पाठवणार न्हाई. भावसिंगला विचारलं, तर तो म्हणला, माणूस अंगावर घालून जातो त्या कपड्याला कोणी नंबर विचारत न्हाई. तवा तूच ये, निलम. चार वर्षं झाली. ये, आणि अंगावर घालून जा.

तुझी वाट बघणारी,
तुझीच
याडी